पोटखराब्यातला देव

मुंजाची उंची जेमतेम दीड वीत. हिवराच्या बुडाशी टेकवलेला शेंदराचा दगड, पुढ्यात फुटकी पणती, दोन सुकलेले लिंबू आणि रुपयाचं एक नाणं. एका अंगाला कपाशी, दुसऱ्या अंगाला तूर, मधून धुरा, म्हणजे बांध. तहसीलदारसाहेब मौका पाहायला जीपमधून उतरले, तेव्हा त्या दगडाभोवती चाळीसेक माणसं गोळा झाली होती आणि कोतवाल ‘सरका, सरका’ करत होता. मी एका पक्षाचा वकील. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तेवीस वर्षं महसुली दाव्यांची वकिली करतो. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आणि जमीन महसूल संहितेचं कलम १४३, या दोन कलमांवर माझ्या घराची चूल पेटते म्हटलं तरी खोटं नाही. पहिलं अडवलेली वाट मोकळी करायचं, दुसरं धुऱ्यावरून नवी वाट द्यायचं.

तंटा असा. माझ्या पक्षकाराचं चार एकरांचं वावर आतल्या बाजूला. तिथं जायची वाट मुंजापासून, धुऱ्याच्या काठानं. आजा, बाप आणि तो स्वतः, तिघांनीही त्याच वाटेनं बंडी नेली. समोरचं वावर चार वर्षांपूर्वी विकलं गेलं. नव्या मालकानं पहिल्या साली मुंजाला सिमेंटचा ओटा बांधला. गावाला बरंच वाटलं. दुसऱ्या साली टिनाचं शेड आलं, शेडवर झेंडा. तिसऱ्या साली ‘गुरंढोरं देव विटाळतात’ म्हणून तारेचं कुंपण. ते कुंपण ओट्यापाशी थांबलं नाही, धुरा गिळून वाटेवर आलं. चौथ्या साली पेरणीच्या तोंडावर माझा पक्षकार बैल बाहेर उभे करून तार हातानं दाबून पाहत होता, तेव्हा पहिली शिवीगाळ झाली.

‘देवदर्शनाला अडवता का?’ तहसीलदारांनी नव्या मालकाला विचारलं.

‘नाई साहेब, देवाले कोन अडवते? येऊ द्या, नारळ फोडू द्या. बंडी आनू नका म्हनतो मी फक्त.’

माझ्या पक्षकारानं मान हलवली. ‘साहेब, देव पावला तरी वखर त वावरात न्याच लागते न.’

लोक हसले. तलाठ्यानं सातबारा काढला. त्यावर क्षेत्र होतं, पीक होतं, विहीर होती, एका सोसायटीचा बोजा होता. मुंजा नव्हता. वाटही नव्हती.

सातबारावर लागवडीच्या क्षेत्राखाली पोटखराबाचा आकडा असतो. वर्ग अ म्हणजे खडक, नाला, खाचखळगा, पिकत नाही ते. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाट, मसणवटा असल्या सार्वजनिक कामाखाली गेलेलं, ज्यावर सारा नाही. आपल्याकडचे मुंजे, म्हसोबे, मातामाया, भिवसन, शेतातले पीर या दोन अक्षरांच्या मध्ये कुठंतरी बसलेले आहेत. काही वर्ग अ मध्ये, थोडे वर्ग ब मध्ये, बाकीचे कागदावर कुठंच नाहीत. पूर्वी त्यानं काही बिघडत नव्हतं. मुंजा कुणाच्या वावरात आहे हे गावाला ठाऊक होतं आणि त्याच्याकडं जाणारी वाट कोतवालाला ठाऊक होती. आता वावर अनोळखी माणूस विकत घेतो, कोतवाल नवा असतो, आणि जमिनीचा भाव असा की आठ फूट वाटेसाठी डोकी फुटतात.

तेवीस वर्षांत माझं मत बनत गेलं ते हे. विदर्भाच्या खेड्यात धर्माचा वापर जमिनीचा कागद म्हणून होतो, कारण खरा कागद अर्धवट आहे. जिथं नोंद नाही तिथं ओटा ही नोंद, झेंडा हा फेरफार आणि जत्रा ही वहिवाट. सण जवळ आला की ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, दोन्ही समाजांच्या प्रतिष्ठितांची भाषणं होतात, आणि ज्या तुकड्यावरून पुढच्या महिन्यात भांडण होणार असतं त्याची मोजणी कुणीच मागत नाही.

कागद अर्धवट का, याला इतिहास आहे. आपण विदर्भ म्हणून एकच शब्द वापरतो, पण जमिनीच्या कागदात विदर्भ दोन आहेत. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडं आलं, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यानं त्यांचंच झालं. तिथं मुंबईच्या धर्तीवर रयतवारी बसली, खातेदार थेट सरकारात सारा भरू लागला. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा या बाजूला मालगुजारी आली. सारा गोळा करणाऱ्यालाच गावाचा धनी करून टाकलं. तळं त्याचं, पडीत त्याचं, जंगलाची काठी त्याची. गावकऱ्यांकडं उरला निस्तार, म्हणजे सरपण, चराई, माती, बांबू घ्यायचा रिवाजी हक्क. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली. भंडारा-गोंदियाकडं लोक त्यांना अजून मामा तलाव म्हणतात. माजी मालगुजारीची ती आद्याक्षरं. मामाचा काही संबंध नाही.

त्या जुन्या व्यवस्थेत जुलूम पुष्कळ होता, पण एक गोष्ट शहाणपणाची होती. वाजिब-उल-अर्ज नावाचा कागद असे. गावाच्या चालीरीती त्यात लिहायच्या: वाट कुणाची कुठून जाते, तळ्याचं पाणी आधी कुणाला, मासे कुणी धरायचे. महसूल संहितेत हा कागद आजही आहे, कलम १६५. निस्तार पत्रक कलम १६१ मध्ये. एकदा पूर्वेकडच्या एका जिल्ह्यात एका प्रकरणासाठी मी वाजिब-उल-अर्जची नक्कल मागितली. खिडकीतला कारकून तरुण होता, नम्र होता. त्यानं शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि विचारलं, ‘हे मुस्लिम समाजाचं काही असतं का सर?’ फारसी शब्दामुळं त्या बिचाऱ्याला वाटलं असावं. मी हसलो खरा, पण परतीच्या एसटीत ते हसू टिकलं नाही. गावाच्या सामाईक हक्काचा जो कागद, त्याचं नाव ऐकून पहिला प्रश्न धर्माचा निघाला.

वऱ्हाडात सामाईक जमिनीला ई-क्लास म्हणतात, आणि हा शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही येतो. ई-क्लासवर गुरं चरतात, शेणखताचे उकिरडे असतात, होळी पेटते. तांडा वाढला की तिकडंच वाढतो. पारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती, तिथंच असते, कारण इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातीला गावठाणात कुणी घेतलं नाही. मसणवटा तिथं, कब्रस्तान तिथं, विहार तिथं, आणि गेल्या काही वर्षांत नवनवी देवळंही तिथंच. काठी रोवायला शंभर रुपये लागतात, उपटायला पोलीस बंदोबस्त.

अतिक्रमणाची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये होते. माणसाची होते, देवाची होत नाही. पारध्याच्या पालावर नोटीस डकवता येते. ओट्याची नोटीस कुणाच्या नावानं काढायची? सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक जागेवर नवं प्रार्थनास्थळ होऊ देऊ नका असा आदेश दिला. सगळ्या धर्मांना सारखाच. त्यानंतरही गावोगाव ओटे झाले, ओट्यावर सभामंडप झाले, आणि सभामंडपाच्या पाटीवर लोकप्रतिनिधीचं नाव व निधीचं नाव ठळक अक्षरांत आलं. ज्या बांधकामाची जमीनच नोंदलेली नाही त्यावर सरकारचाच पैसा खर्च झालाय, हा पुरावा उद्या कोर्टात कुणाच्या बाजूनं वापरला जाईल हे सांगायला वकील लागत नाही.

आता उलट बाजू पाहा. मागासवर्गीय भूमिहीनांनी गायरानावर केलेली, १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारनं १९९१ मध्ये घेतला. तो आपसूक आलेला नाही. त्यामागं दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह आहेत, तुरुंग भरलेले आहेत. पण पट्टा मिळवायला पुरावा हवा. पुरावा काय? तर अतिक्रमण केल्याबद्दल तलाठ्यानं केलेल्या दंडाची पावती. ज्याला दंड झाला त्याच्याकडं कागद आला. ज्यानं हातापाया पडून दंड चुकवला त्याचा दावा बुडाला. अशी डझनभर घरं मला ठाऊक आहेत, पंचेचाळीस वर्षं जमीन कसून हातात काही नाही. २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पंजाबातल्या एका तळ्याचं ते प्रकरण. तत्त्व योग्यच, पण आमच्याकडं त्याचा धाक पहिल्यांदा या लोकांना बसला, सभामंडपांना नाही.

म्हणून ई-क्लासवरच्या सगळ्या झेंड्यांना मी एका मापानं मोजत नाही. हे पक्षपाती वाटेल, वाटू द्या. निळा झेंडाही तिथं लागतो, पंचशील ध्वजही लागतो, आणि कायद्याच्या भाषेत तीही विनानोंद वहिवाटच. पण तो झेंडा का लागतो ते बघायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ला चंद्रपुरात लाखो लोकांनी धम्म घेतला. गावदेवाच्या जत्रेत ज्यांच्या वाट्याला काम होतं आणि मान नव्हता, त्यांनी ते काम सोडलं. मेलेलं ढोर ओढणं सोडलं. नवा धर्म बरोबर घेऊन गावी परतलेल्यांना जमीन मात्र कुणी दिली नाही. विहाराला जागा कुठून आणणार? गावठाणात मारोतीचा पार होता, पाटलाचा वाडा होता. उरलं ई-क्लास. ज्याचं नाव कुठल्याच नमुन्यात नाही त्यानं रोवलेली काठी आणि ज्याच्या नावे आधीच वीस एकर आहे त्यानं रोवलेली काठी, या दोन्ही काठ्या सारख्याच म्हणणं ही सोयीची आंधळेपणाची गोष्ट झाली.

पोळ्याचा मान घ्या. तोरणाखालून पहिली जोडी कुणाची, यावरून दरवर्षी कुठंतरी लाठ्या निघतात. पाटलाची जोडी पहिली, कारण एके काळी अर्धं शिवार त्याचं होतं. आज कित्येक पाटलांनी जमीन विकली, बैल विकले. पोळ्यापुरती जोडी भाड्यानं आणतात. मान मात्र विकत नाहीत. तिकडं ज्यानं कष्टानं चाळीस एकर केली त्याला वाटतं, जमीन आपली तर तोरणही आपलं. जमीन सातबारावर सरकली, मान सरकला नाही. या फटीत बैल उभे राहतात.

इथवर वाचून एखादा म्हणेल, म्हणजे तुमच्या मते हे सगळे जमिनीचेच वाद, धर्म-जातीचं नुसतं निमित्त. तसं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. तिथं एका बौद्ध कुटुंबाच्या पाच एकरांच्या आसपास जमिनीतून रस्ता काढण्यावरून तेढ होती. माझ्या रोजच्या प्रकरणांसारखंच प्रकरण, कलम १४३ मध्ये बसणारं. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्या घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावच्या जमावानं ठार मारलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीची जन्मठेप केली, पंचवीस वर्षांची. खून सिद्ध झाला, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. जातीमुळं नव्हे, सुडापोटी, असं ठरलं.

मी न्यायालयाचा निकाल वाचणारा माणूस आहे, त्याचा आदर ठेवून सांगतो. धुऱ्यावरून सूड आमच्याकडं पुष्कळ घेतला जातो. पीक जाळतात, विहिरीत विष टाकतात, कुऱ्हाड चालते. अख्ख्या घरावर जमाव जात नाही. जमाव गोळा व्हायला धुरा पुरत नाही, त्याला दुसरं काहीतरी लागतं, आणि ते काय हे खैरलांजीला सगळ्यांना ठाऊक होतं. ‘हा जमिनीचा वाद आहे, जातीचा नाही’ हे वाक्य आमच्या ठाण्यांत फार लवकर उच्चारलं जातं. त्यानं एफआयआरमध्ये एक कलम लावायचं वाचतं. वाद जमिनीचा असतो म्हणून तो जातीचा नसतो, हे गणित मुळातच चुकीचं. ज्याच्याकडं जमीन येते त्याची जात कुणाला तरी खुपते म्हणूनच पुष्कळदा वाद होतो.

मुंजाच्या प्रकरणातल्या दोघांची जात मी अजून सांगितली नाही. वाचणाऱ्यानं मनात एव्हाना ठरवली असेल. दोघं एकाच जातीचे आहेत, एकमेकांच्या सोयरिकीत बसणारे. म्हणून ते प्रकरण तहसीलमध्ये आलं, तारखा पडल्या, लोक हसले.

वऱ्हाड सोडून गडचिरोलीत गेलं की हा सगळा हिशेब उलटा होतो. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. तिथं माडिया लोकांचा ठाकूरदेव. जानेवारीत सत्तर-सत्तर गावांतून लोक यात्रेला येतात. याच मुलखातला बाबूराव शेडमाके इंग्रजांशी लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेला. आता डोंगरात लोहखनिज आहे, खाण आहे, लाल धुळीनं माखलेले ट्रक आहेत. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथं सत्तरेक वाहनं जाळली. खाणवाल्यांचा बंदोबस्त आणि माओवाद्यांची बंदूक यांच्यामध्ये गावं सापडली, आणि दोन्हीकडून एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: तू कुणाच्या बाजूचा?

तिथं देवासाठी ओटा बांधायची गरज नाही, कारण डोंगर हाच देव आहे. आमच्या वऱ्हाडात देवाच्या आडून जमीन घेतात. तिथं जमीन घेतली की देव जातो. हा फरक ज्याला कळत नाही तो ‘मंदिर बांधून देतो, रस्ता करून देतो’ म्हणतो आणि आपण उदार झालो असं समजतो. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की देवाच्या डोंगरावरच्या हक्काचं ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभांना विचारलं, बाराही ‘नाही’ म्हणाल्या, खाण थांबली. सुरजागडच्या आजूबाजूच्या ग्रामसभांनी ठरावांचे कागद किती वेळा दिले. नियमगिरीसारखं कुणी त्यांच्या दारात जाऊन विचारलं नाही.

त्याच जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. २००९ मध्ये त्यांनी अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. त्यासाठी त्यांनी काय केलं? घोषणा दिल्याच, पण त्याआधी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, हद्दी चालून पाहिल्या, कुठलं झाड कुठं ते लिहून ठेवलं. पुढं २०१३ मध्ये गावानं आपल्या खासगी जमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. १९६४ चा तो कायदा किती वर्षं कपाटात पडून होता. एका गोंड गावानं त्यावरची धूळ झटकली.

ग्रामदान म्हटलं की पवनार आठवतं. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. तिथं जमीन खणताना त्यांना भरत-रामाच्या भेटीचं जुनं शिल्प सापडलं. जमिनीतून देव निघाला आणि कुणी दावा ठोकला नाही, अशी विदर्भातली ही बहुधा एकमेव घटना. (हे मी वकिलाच्या मत्सरानं लिहितोय.) १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणात पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. ‘सबै भूमि गोपाल की’ म्हणत त्यांनी मालकीच देवाच्या नावे करून टाकली. यापेक्षा मोठा धार्मिक दावा जमिनीवर कुणी केला नसेल, आणि तो काढून घेण्यासाठी नव्हता, देण्यासाठी होता. तरी तो फसला कुठं? फेरफारात. तोंडानं दिलेली जमीन कुठल्या गटातली, कुठल्या कोपऱ्यातली, हे मोजलंच गेलं नाही. पुष्कळ ठिकाणी दात्यानं खरबाड दिलं, पुष्कळ ठिकाणी ज्याला मिळालं त्याचं नाव चढलं नाही. भूदान मिळालेल्याचा नातू आणि दात्याचा नातू आज माझ्याच कोर्टात समोरासमोर उभे असतात, आणि दोघांच्याही आज्यांची मनं साफ होती.

त्याच पवनारपासून आता शक्तिपीठ महामार्ग आखलाय, गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत सुमारे ८०२ किलोमीटर. देवीची ठाणी जोडायची, म्हणून नाव शक्तिपीठ. आमच्या जिल्ह्यातूनही तो जातो. विरोध करणारे शेतकरीही देवीचेच भक्त आहेत, नवरात्रात अनवाणी माहूरगड चढणारे. पण नावातच देवी बसवली की सातबारा वाचवणारा माणूस देवीच्या आड आल्यासारखा दिसतो. मुंजाच्या कुंपणाचीच ही मोठी आवृत्ती, फक्त तार सरकारची आहे. रस्ता हवा की नको हा वेगळा प्रश्न, मोबदला किती हा वेगळा, पण ते प्रश्न देवीला मधून बाजूला करून विचारता आले पाहिजेत.

तर करायचं काय? मला सुचतं ते फार भव्य नाही. प्रत्येक गावात ग्रामसभेपुढं, उघड्यावर, ई-क्लासची आणि पोटखराबाची मोजणी करा. गावठाणाची मोजणी ड्रोननं झालीच आहे, स्वामित्व योजनेत. पुष्कळ घरांची मिळकत पत्रिका निघाली. मग गावाबाहेर ड्रोनचे पंख का गळतात? तिथं काय काय आहे ते लिहा: मुंजा, विहार, पीर, बेडा, मसणवटा, तिथवरची वाट. कुणाचं कधीपासून, तेही लिहा. सातबारावर ‘इतर अधिकार’ म्हणून रकाना आहे. तिथं देवाची वाट लिहायला कुठल्या कायद्याची आडकाठी नाही. दर्शनाचा हक्क लिहा आणि बंडीचा हक्क वेगळा लिहा. नोंदलं त्याला संरक्षण, त्यानंतर नव्यानं ठोकलेल्या खुंटीला नाही, मग ती कुठल्याही रंगाची असो.

यावर माझेच एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘अरे, लिहायला गेलास की भांडण लागेल. न लिहिल्यामुळंच गाव टिकलं. पिराच्या उरुसात कुणबी दिवा लावतो, मुसलमान पोळ्याला बैल सजवतो, हे कुठं लिहिलंय? लिहिलंस तर पिराचा मालक मुसलमान ठरेल आणि कुणब्याचा दिवा विझेल.’ हा आक्षेप मला खराखुरा वाटतो. झुडपी जंगलाचं उदाहरण तर माझ्याविरुद्धच जातं. पूर्व विदर्भात महसुलाच्या जुन्या कागदावर पडलेला ‘झुडपी’ हा एक शब्द. त्यापायी सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा घोळ दशकानुदशकं चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला वनच म्हणायचं ठरवलं. त्या जमिनीवर घरं आहेत, शाळा आहेत. एका कारकुनानं शंभर वर्षांपूर्वी लिहिलेला शब्द नातवंडांच्या छपरावर बसला.

पण नीट पाहिलं तर हे उदाहरण कागद न लिहिण्याचं नाही, कागद गावाला न विचारता लिहिण्याचं आहे. आणि ती जुनी गोड संदिग्धता? ती जमिनीला भाव नव्हता तोवर चालली. समृद्धी महामार्गाच्या पैशानं वऱ्हाडातल्या कित्येक घरांत सख्खे भाऊ बोलेनासे झाले, बहिणींची हक्कसोडपत्रं तपासली जाऊ लागली. तिथं पिराच्या दिव्यावर विसंबून कसं राहायचं? कुणब्याचा दिवाही लिहा ना. ‘उरुसात अमुक वाडीचा दिवा’ असं वाजिब-उल-अर्जात लिहिता येतं. असलंच काही लिहिण्यासाठी तो कागद होता. जे सामाईक आहे ते सामाईक म्हणून लिहिलं नाही, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. ई-क्लासवर आवाज कुणाचा मोठा असतो, ते एकदा बेड्यावर जाऊन विचारावं.

मुंजाचा निकाल तीन महिन्यांनी लागला. धुऱ्यावरून आठ फूट वाट, दोन्हीकडून चार-चार. भूकरमापकानं रोव्हर, म्हणजे मोजणीचं यंत्र, लावला, चुन्याची रेघ मारली, तेव्हा ती रेघ बरोबर दगडाच्या मधून गेली. अर्धा मुंजा यांचा, अर्धा त्यांचा. ओटा मात्र सगळाच वाटेत. नव्या मालकानं ओटा स्वतः फोडला, मुंजाला हात लावला नाही. ते बघून माझ्या पक्षकारानं त्याला तंबाखू दिली.

तलाठी नोंद घ्यायला बसला तेव्हा मी म्हटलं, देवाचंही लिहा. त्यानं लॅपटॉपवर बराच वेळ शोधलं. विहिरीला जागा होती, बोअरला होती, मुंजाला नव्हती. शेवटी त्यानं काहीतरी टाइप केलं आणि पडदा माझ्याकडं वळवला: ‘हिवराचे झाड, १’.

बाहेर आल्यावर पक्षकारानं विचारलं, ‘लागलं काय जी देवाचं नाव?’

‘झाडाचं लागलं.’

त्यानं थोडा विचार केला. ‘चालते. हिवर वाळला त मंग पाहू.’